१० मायक्रोग्रॅमचं बिल, एल-१ चा घोळ आणि रिकॉम्बिनंट कायनेज: कोणी समजावेल का?

जमाखर्च · मंगळवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका कॉलेजात अकाउंट्सला आहे, बी.कॉम. झालोय, सायन्स दहावीला सुटलं ते सुटलंच. तरी विज्ञान विभागात धागा काढतोय कारण चांगलाच अडकलोय.

आमच्या बायोटेकच्या मॅडमना एक प्रोजेक्ट मिळालाय, त्यातून त्यांनी एक वस्तू मागवली. बिलावर लिहिलंय "अ‍ॅबल-१ कायनेज, ह्यूमन, रिकॉम्बिनंट, अ‍ॅक्टिव्ह, १० मायक्रोग्रॅम". किंमत सगळं धरून ४८ हजार. मी कॅल्क्युलेटर घेऊन बसलो, मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, म्हणजे ग्रॅमला ४८० कोटी रुपये. चारदा मोजलं. शून्यं तेवढीच येतायत.

पण अडचण किमतीची नाहीये, अडचण अशी की तीन कोटेशनं होती आणि त्यातलं एक १७ हजारांचं होतं. नाव तेच, अ‍ॅबल-१, ह्यूमन, रिकॉम्बिनंट. मॅडमनी एल-१, म्हणजे सगळ्यात कमी दराचं कोटेशन, सोडून महागडं घेतलं, कमिटीने सह्या केल्या, कोणी काही विचारलं नाही (मी पण नाही, खरं सांगायचं तर). आता ऑडिटचं हाफ मार्जिन, म्हणजे लेखी विचारणा, आलंय, "समान वस्तू कमी दराने उपलब्ध असताना जादा दराने खरेदी करण्याचे कारण काय, खुलासा करावा". मॅडम बाहेरगावी आहेत, त्यांनी मेलवर दोन पानं इंग्रजीत पाठवलीत, ती मला कळली नाहीत आणि ऑडिटरला तर त्याहून कळणार नाहीत. शुक्रवारी उत्तर द्यायचंय.

तर प्रश्न एवढाच: नाव एकच, माल एकच, मग किमतीत तिप्पट फरक कसा? खरंच वस्तू वेगळी असते का आमच्या मॅडम गंडल्यात?

---

खवचट_खारूताई · मंगळवार, रात्री १०:५२

४८० कोटी रुपये ग्रॅम आणि आम्ही इथे केशर महाग म्हणून दुधात रंग घालतोय 😂

बाकी मदत शून्य. वाचायला बसले आहे.

---

पिपेटवाली · मंगळवार, रात्री ११:३५

मॅडम गंडल्या नसाव्यात, पण नक्की सांगायला दोन्ही कोटेशनांची स्पेसिफिकेशन बघावी लागतील. मी गेली आठ वर्षं हेच करतेय, प्रोटीन बनवणं आणि शुद्ध करणं, आणि त्यातली किमान तीन वर्षं ते बनलंच नाही म्हणून रडणं. आधी कायनेज म्हणजे काय ते सांगते, तुमच्याच भाषेत, कारण पेशी आणि सरकारी ऑफिस यात मला फार फरक दिसत नाही.

समजा पेशी हे ऑफिस आहे. गेटवर कोणीतरी निरोप घेऊन येतं, म्हणजे हार्मोन किंवा ग्रोथ फॅक्टर. तो स्वतः सहसा आत येत नाही, गेटवरच्या माणसाला, म्हणजे रिसेप्टरला, निरोप देतो. आता हा निरोप पार आतल्या केबिनपर्यंत, म्हणजे केंद्रकापर्यंत, जायचाय. तर तिथे टेबलाटेबलावर कारकून बसलेत, त्यांचं काम एकच, समोर आलेल्या फाइलवर शिक्का मारायचा. शिक्का मारला की फाइल हलते. हा कारकून म्हणजे कायनेज, शिक्का म्हणजे फॉस्फेट, आणि शाईचा पॅड म्हणजे एटीपी. एटीपीला तीन फॉस्फेट असतात, त्यातला टोकाचा एक काढून कायनेज दुसऱ्या प्रोटीनवर चिकटवतं, तेही कुठेही नाही, सेरीन, थ्रिओनीन किंवा टायरोसीन या ठरावीक अमिनो अ‍ॅसिडवरच. फॉस्फेटवर ऋणभार असतो, तो अंगाला लागला की त्या प्रोटीनचा आकारच थोडा वळतो, बंद असलेलं चालू होतं, चालू असलेलं बंद, नाहीतर दुसरं कोणी येऊन त्याला बिलगतं. आणि शिक्का खोडणारेही असतात, त्यांना फॉस्फटेज म्हणतात. हे शिक्के मारणं आणि खोडणं चोवीस तास चालू असतं, सिग्नलिंग सिग्नलिंग म्हणतात ते बऱ्याच अंशी हेच.

माणसाच्या जीनोममध्ये अशा कायनेजचे जीन मोजले तेव्हा २००२ साली ५१८ निघाले. म्हणजे ५१८ कारकून, आणि प्रत्येकाला ठराविक फाइलींवरच शिक्का मारायची परवानगी. अ‍ॅबल हा त्यातला एक, टायरोसीनवर मारणारा.

आता मजा अशी की बऱ्याच कारकुनांना कामावर बसायच्या आधी स्वतःच्या अंगावर शिक्का लागतो, नेमणुकीच्या ऑर्डरसारखा. कायनेजच्या तोंडाशी एक लवचीक पट्टी असते, तिला अ‍ॅक्टिव्हेशन लूप म्हणतात, तिच्यावर फॉस्फेट बसलं की तोंड नीट उघडतं. म्हणून "अ‍ॅक्टिव्ह" हा शब्द बिलावर आहे. तो उगाच नाही.

रिकॉम्बिनंट बद्दल उद्या लिहिते, झोपते आता, सकाळी सातला कल्चर काढायचंय.

---

जमाखर्च · मंगळवार, रात्री ११:४८

पिपेटवाली ताई, शिक्क्याचं एकदम डोक्यात बसलं, धन्यवाद. आमच्याकडे पण एक कारकून आहेत ज्यांच्यावर शिक्का बसल्याशिवाय ते हलत नाहीत. उद्याची वाट बघतो.

---

सॅनडिएगोकर · बुधवार, पहाटे ४:१० (इकडे दुपार आहे)

धागा बघून राहवलं नाही कारण या विषयाचे दोन मोठे टप्पे माझ्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर घडलेत.

मुळात हा शिक्क्याचा प्रकार सापडला सिअ‍ॅटलला, १९५० च्या दशकात, एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना, तेही स्नायूत साठवलेली साखर कशी मोकळी होते हे शोधताना. तेव्हा कोणालाच वाटलं नव्हतं की हे पेशीच्या प्रत्येक खात्यात चालत असेल. नोबेल मिळालं १९९२ ला, म्हणजे साडेतीन दशकांनी.

इथल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर आहेत. १९७९ पर्यंत लोकांना वाटायचं शिक्का फक्त सेरीन आणि थ्रिओनीनवर बसतो. हंटर यांनी कागदासारख्या पातळ थरावर वीजप्रवाह लावून हे अमिनो अ‍ॅसिड वेगळे करायचा प्रयोग केला, त्यासाठी बफरचा, म्हणजे त्या प्रयोगातल्या द्रावणाचा, पीएच १.९ हवा होता, पण बफर जुना, पुन्हा पुन्हा वापरलेला, त्याचा पीएच उतरून १.७ झालेला. आणि नेमक्या त्या १.७ ला एक ठिपका वेगळा पडला जो ताज्या बफरमध्ये थ्रिओनीनच्या ठिपक्याखाली लपला असता. तो होता फॉस्फोटायरोसीन, म्हणजे शिक्का बसलेलं टायरोसीन. टायरोसीन कायनेज नावाचं अख्खं घराणं त्या शिळ्या बफरमधून बाहेर आलं, आणि तुमच्या मॅडमचं अ‍ॅबल त्याच घराण्यातलं.

दुसरी गोष्ट यूसी सॅन डिएगोची. १९९१ ला सुझन टेलर यांच्या गटाने पहिल्यांदा एका प्रोटीन कायनेजची त्रिमिती रचना दाखवली, पीकेए नावाच्या कायनेजची. आणि ते कायनेज त्यांनी ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं होतं, रिकॉम्बिनंट. दोन भाग, वरचा लहान खालचा मोठा, मधल्या खाचेत एटीपी, हे चित्र तेव्हापासून सगळ्या पाठ्यपुस्तकात आहे.

---

खवचट_खारूताई · बुधवार, सकाळी ८:०५

म्हणजे फ्रिज साफ न करण्याला वैज्ञानिक आधार आहे तर. सासूबाईंना लिंक पाठवते.

---

पिपेटवाली · बुधवार, दुपारी १:२०

जेवणाच्या सुट्टीत टंकतेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या.

रिकॉम्बिनंट म्हणजे परकाया प्रवेश हो. माणसाच्या अ‍ॅबलचा जीन घ्यायचा, एका गोल डीएनएत म्हणजे प्लाझमिडमध्ये बसवायचा, तो दुसऱ्या जिवात घालायचा आणि त्याला सांगायचं बाबा आता तूच बनव. सगळ्यात स्वस्त आणि सोयीचा जीव म्हणजे ई. कोलाय, वीस मिनिटात दुप्पट होतो, खायला साधं माध्यम लागतं. प्रोटीनच्या शेपटाला सहा हिस्टिडीन जोडून ठेवतात, ते निकेलला चिकटतात, मग जिवाणू फोडायचे, रस निकेलच्या कॉलममधून सोडायचा, बाकी सगळं वाहून जातं, आपलं प्रोटीन चिकटून राहतं, मग इमिडॅझोल नावाचं रसायन टाकून सोडवायचं. कागदावर एका दिवसाचं काम. प्रत्यक्षात जेल रंगवून बघितलं की जिथे बँड हवा तिथे काहीच नसतं आणि सगळं प्रोटीन खाली गाळात गोळा होऊन बसलेलं असतं, त्याला आम्ही इन्क्लुजन बॉडी म्हणतो आणि आणखीही बरंच काही म्हणतो.

सॅनडिएगोकरांनी पीकेए सांगितलं, ते शहाणं बाळ आहे, ई. कोलायमध्ये बनतं आणि बनल्यावर स्वतःच स्वतःच्या लूपवर शिक्का मारून तयार होतं. अ‍ॅबल तसं नाही. टायरोसीन कायनेज जिवाणूत सुटलं की ते जिवाणूच्या स्वतःच्या प्रोटीनवर भसाभस शिक्के मारत सुटतं, जिवाणू आजारी पडतो, मरतो, प्रोटीन मिळत नाही. २००५ साली बर्कलीच्या एका गटाने यावर सोपी युक्ती काढली, अ‍ॅबलसोबत एक शिक्का खोडणारा पण त्याच जिवाणूत घालायचा. तो खोडणारा कुठला माहितीये? यर्सिनियाचा, म्हणजे प्लेगचा जिवाणू ज्या वंशातला आहे त्या वंशातला. हे जिवाणू आपल्या पांढऱ्या पेशींमध्ये हा खोडरबर टोचतात, म्हणजे पेशीचे सिग्नल पुसले जातात आणि पेशी त्यांना गिळायचं विसरते. १८९७ ला पुण्याची जी अवस्था झाली, रँड वगैरे सगळं प्रकरण, त्या प्लेगच्या भावकीतलं हत्यार आता आम्ही कॅन्सरच्या प्रोटीनसाठी वापरतो.

पण त्याचा परिणाम असा की ई. कोलायमधून येणारं अ‍ॅबल शिक्के पुसलेलं येतं. आणि बहुतेक वेळा पूर्ण येत नाही, फक्त कायनेजचा तुकडा बनवतात, कारण पूर्ण अ‍ॅबल ११३० अमिनो अ‍ॅसिडचं धूड आहे, जिवाणूला ते नीट घडी घालता येत नाही.

महागडं जे असतं ते किड्याच्या पेशीत बनवतात. एका पतंगाच्या पेशी, त्यांना बॅक्युलोव्हायरसची लागण करायची, व्हायरस जीन घेऊन आत जातो. या पेशी आपल्या पेशींच्या जास्त जवळच्या, मोठं प्रोटीन घडी घालतात, शिक्के मारतात. पण वाढायला हळू, माध्यम महाग, व्हायरस करायलाच काही आठवडे. म्हणून तिप्पट.

जमाखर्च, तुम्ही प्लीज दोन्ही कोटेशनवर हे बघा: कुठल्या पेशीत बनवलंय आणि किती लांबीचं आहे.

---

शंकासूर · बुधवार, दुपारी ३:४५

चांगली माहिती, पण दोन दुरुस्त्या. एक, ई. कोलायमध्ये शिक्का मारणारे नसतातच असा समज होऊ नये, त्याच्याकडे हिस्टिडीन कायनेज भरपूर आहेत, फक्त ते आपल्या घराण्यातले नाहीत. दुसरं, शिक्के पुसलेलं अ‍ॅबल म्हणजे मेलेलं नव्हे. त्याला एटीपी आणि मॅग्नेशियम देऊन ठेवलं तर ते एकमेकांवर शिक्के मारून स्वतःच चालू होतं. म्हणजे १७ हजारवालं घेऊन अर्धा तास एटीपीत ठेवलं असतं तर काम झालं नसतं का? ऑडिटरची बाजू घेत नाहीये, पण प्रश्न योग्य आहे.

---

भट्टीवाला · बुधवार, संध्याकाळी ७:३०

मी औषधांच्या कंपनीत रसायनवाला होतो, आता रिटायर. शंकासूर बरोबर बोलतायत, मी त्याच्या पुढचं सांगतो. मॅडमना नक्की करायचं काय होतं ते कुठंय यात? कारण इमॅटिनिबसारखा, म्हणजे अ‍ॅबल बिघडून होणाऱ्या ब्लड कॅन्सरवरच्या औषधासारखा, रेणू तपासायचा असंल तर उलट स्वस्तवालंच बरं की. इमॅटिनिब जे आहे ते अ‍ॅबल बंद स्थितीत असताना खाचेत शिरून बसतं, शिक्का बसलेल्या चालू अ‍ॅबलला ते तेवढं घट्ट धरत नाही, कितीतरी पट फरक पडतो. म्हणजे "अ‍ॅक्टिव्ह" घेऊन इमॅटिनिब तपासलं तर औषध कमजोर दिसणार आणि पोरं म्हणणार प्रयोग चुकला.

आणखी एक. ट्यूबमध्ये लोक एटीपी टाकतात १० मायक्रोमोलर वगैरे, पेशीत असतं मिलिमोलरमध्ये, शंभर पटीहून जास्त. एटीपीच्याच जागेवर बसणारं औषध ट्यूबमध्ये हिरो आणि पेशीत झिरो, हे आम्ही इतक्या वेळा बघितलंय राव. नवीन पोरांना ट्यूबमधला आकडा दिसला की लगेच पेपर लिहायची घाई.

---

जमाखर्च · बुधवार, रात्री ९:१५

आं? म्हणजे ऑडिटर बरोबर?? आता मला घाम फुटलाय.

कोटेशनं काढली. १७ हजारवाल्यावर "ई. कोलाय, अमिनो अ‍ॅसिड २२९ ते ५००, हिस टॅग" असं आहे. ४८ वाल्यावर "एसएफ-२१ इन्सेक्ट सेल्स, फुल लेंथ". म्हणजे ताई म्हणाल्या तसंच निघालं. तिसरं ५२ चं होतं, ते पण इन्सेक्टच.

प्रोजेक्टची फाइल पण काढली, उद्दिष्टं वाचतो: पहिलं, अ‍ॅबलच्या अ‍ॅलोस्टेरिक जागेवर बसणाऱ्या रेणूंचा शोध. दुसरं, इमॅटिनिबला दाद न देणाऱ्या म्यूटंटवर चाचणी. तिसरं मनुष्यबळ प्रशिक्षण. यातलं तिसरंच फक्त कळलं.

---

पिपेटवाली · बुधवार, रात्री ९:५०

अहो मग सुटलं की!! हे आधी सांगायचं ना!

भट्टीवाले काका, अ‍ॅलोस्टेरिक आहे. ती खाचेतली जागा नाही, मागची जागा.

जमाखर्च, नीट ऐका, हेच तुमचं उत्तर आहे. निरोगी पेशीत अ‍ॅबल बहुतेक वेळ बंद असतं. बंद कसं राहतं, तर त्याच्या पुढच्या भागात दोन डोमेन आहेत, एसएच-३ आणि एसएच-२ म्हणतात, ते कायनेजच्या पाठीला चिमट्यासारखे बसतात. आणि अ‍ॅबलच्या एका प्रकारात पार टोकाला एक चरबीचा छोटा धागा असतो, मिरिस्टॉइल, तो वळून कायनेजच्याच तळाशी एका खोबणीत शिरतो, कडी लावल्यासारखा. कडी लागली की चिमटा घट्ट, चिमटा घट्ट की कायनेज गप्प. म्हणजे कारकुनाचे हात त्याच्याच खुर्चीला बांधलेत आणि गाठ मागे आहे.

मॅडमना हवाय असा रेणू जो त्या मागच्या खोबणीत शिरून कडीचं काम करेल. असं एक औषध आलंय सुद्धा, असिमिनिब, अमेरिकेत २०२१ ला मंजुरी मिळाली. पण कडी लावायला दार हवं ना! १७ हजारवाल्यात २२९ ते ५०० एवढाच तुकडा आहे, त्यात खोबण आहे पण चिमटा नाहीच, तो २२९ च्या आधी असतो. रेणू खोबणीत जाऊन बसेल आणि कायनेज मजेत शिक्के मारत राहील. असिमिनिबसुद्धा नुसत्या कायनेज डोमेनचं काम थांबवत नाही, चिमट्यासकटचा भाग असला तरच थांबवतं. म्हणजे स्वस्तवालं घेतलं असतं तर मॅडमचा प्रत्येक रेणू नापास झाला असता आणि दोन वर्षं कोणाला कळलं नसतं का ते.

शंकासूर, अर्धा तास एटीपीत ठेवून शिक्के येतील, चिमटा नाही येणार.

---

शंकासूर · बुधवार, रात्री १०:०२

मान्य. लांबीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

---

भट्टीवाला · बुधवार, रात्री १०:२०

मागल्या खोबणीचं असंल तर मग विषयच संपला. ताई म्हणते ते बरोबर. फक्त एवढंच विचारतो, तो पार्सल आला तेव्हा बर्फ शिल्लक होता का? कारण हे प्रोटीन उणे ८० ला राहतं, एकदा वितळून परत गोठलं की फुल लेंथ असो नाहीतर हाफ, पाणीच ते.

---

रोज_एक_गोळी · गुरुवार, सकाळी ६:४०

मी सहसा पाककृती विभागात असते, इथे पहिल्यांदाच लिहितेय. धागा रात्री दोनदा वाचला कारण तुम्ही ज्याला अ‍ॅबल म्हणताय ते माझं आहे.

२००९ ला मला सीएमएल, म्हणजे एक प्रकारचा ब्लड कॅन्सर, निघाला. डाव्या बरगडीखाली जड वाटायचं, मला वाटलं गॅस, ओवा खात होते. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी दीड लाखाच्या वर. डॉक्टरांनी पाठकोऱ्या कागदावर दोन काड्या काढून दाखवल्या, ही नऊ नंबरची गुणसूत्राची जोडी आणि ही बावीस नंबरची, एक एक तुकडा तुटून अदलाबदल झाली, त्यामुळे अ‍ॅबलचं डोकं उडालं आणि तिथे बीसीआर नावाचं दुसरंच काहीतरी चिकटलं. काल ताईंचं वाचून पहिल्यांदा कळलं की डोकं उडालं म्हणजे ती कडीच उडाली. सतरा वर्षं गोळी खातेय आणि हे आत्ता कळलं.

१९६० ला फिलाडेल्फियात ते छोटं गुणसूत्र दिसलं होतं म्हणून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात, पण तुकडा नक्की कुठे गेला ते १९७३ ला जॅनेट राउली बाईंनी शोधलं. घरच्या डायनिंग टेबलवर गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून जुळवत बसायच्या. मला त्या फार आवडतात.

इमॅटिनिब ४०० मिलिग्रॅम, रोज, जेवणासोबत, मोठा ग्लास पाणी. पायात गोळे येतात, सकाळी डोळ्याखाली सूज असते, लग्नकार्यात लोक विचारतात रात्री झोपली नाहीस का. बाकी ठीक. सुरुवातीला खर्चाचीच भीती जास्त होती, मूळ ब्रँड महिन्याला सव्वा लाखाच्या घरात आणि आपल्याकडच्या जेनेरिक कंपन्यांची आठ दहा हजारात. १ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने पेटंट नाकारलं त्या दिवशी मिस्टरांनी चितळ्यांकडून बाकरवडी आणली होती, एप्रिल फूल समजून मी आधी विश्वासच ठेवला नाही.

जमाखर्च भाऊ, मॅडमच्या फाइलमधलं दुसरं उद्दिष्ट, इमॅटिनिबला दाद न देणारे म्यूटंट, म्हणजे बदललेलं अ‍ॅबल, त्याची भीती माझ्यासारख्या सगळ्यांना दर पीसीआरच्या, म्हणजे रक्तातल्या आजाराचं प्रमाण मोजणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टआधी असते. एवढंच सांगायचं होतं.

---

पिपेटवाली · गुरुवार, सकाळी ९:१०

ताई 🙏. मी आठ वर्षं बँड बघतेय, ज्यांचं अ‍ॅबल आहे असं माणूस पहिल्यांदा भेटलं.

म्यूटंटचं थोडक्यात सांगते, सगळ्यांसाठी. खाचेच्या तोंडाशी ३१५ नंबरला थ्रिओनीन असतं, इमॅटिनिब त्याला हात देऊन बसतं. त्या जागी आयसोल्यूसीन आलं की हातही सुटतो आणि जागाही अडते. त्याच्या पुढच्या दोन तीन औषधांचीही तिथे डाळ शिजत नाही, पोनॅटिनिब चालतं. पण मागची खोबण ३१५ पासून लांब आहे, म्हणून तर मॅडम आणि जगातले बरेच जण मागच्या दाराने जायला बघतायत. हे सगळ्यांना होत नाही, आणि तुमच्यासारखे सतरा वर्षं एकाच गोळीवर असलेले खूप आहेत. पहिली मोठी चाचणी झाली होती, तिच्या दहा वर्षांनंतरच्या अहवालात इमॅटिनिब घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के हयात होते.

---

खवचट_खारूताई · गुरुवार, सकाळी ९:३०

आज खवचटपणा रद्द. रोज_एक_गोळी काकू, तुमची ती डाळिंबी उसळ मी तीनदा केलीय.

---

जमाखर्च · शुक्रवार, रात्री ८:५५

मंडळी, उत्तर दिलं. मॅडमची दोन पानं मागे जोडली आणि वर मराठीत पाच ओळी लिहिल्या, ताईंना आधी दाखवल्या होत्या. अशा:

"दोन्ही कोटेशनमधील वस्तूंचे नाव समान असले तरी वस्तू समान नाहीत. कमी दराच्या वस्तूत प्रथिनाचा २२९ ते ५०० एवढाच भाग आहे. प्रकल्पाच्या उद्दिष्ट क्र. १ साठी आवश्यक असलेला नियंत्रक भाग त्याच्या आधी येतो व तो कमी दराच्या वस्तूत नाही. पूर्ण लांबीचे प्रथिन देणाऱ्या दोन पुरवठादारांपैकी कमी दराचाच पुरवठादार निवडण्यात आला आहे."

शेवटची ओळ माझी आहे, तिचा मला अभिमान आहे. ५२ चं तिसरं कोटेशन होतं ना, म्हणजे योग्य वस्तूत आपणच एल-१ घेतला!

ऑडिटर साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले हे एवढंच होतं तर कंपॅरेटिव्ह स्टेटमेंटवर शेरा का नाही मारला तेव्हाच. मी म्हटलं साहेब तेव्हा आम्हाला चिमटा माहीत नव्हता. आक्षेप निकाली.

भट्टीवाले काका, पार्सल बंगळुरूहून आलं, मध्ये शनिवार रविवार लागला होता, पण लॅबमधल्या मुलीने सांगितलं डबा उघडला तेव्हा तळाला मूठभर ड्राय आइस शिल्लक होता, तिने लगेच पाच पाच मायक्रोलिटरच्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून उणे ८० ला ठेवलं. म्हणाली प्रयोग चालू आहेत.

पण आता नवीन हाफ मार्जिन आलंय. बिलात ड्राय आइसचे ३,५०० वेगळे लावलेत. विचारतायत, सदर वस्तू साठा नोंदवहीत का घेतली नाही, आणि आता प्रत्यक्ष पडताळणीत दाखवावी.

---

खवचट_खारूताई · शुक्रवार, रात्री ९:०१

आवक ५ किलो. जावक: हवेत. शिल्लक: निरंक. सही, शिक्का, फॉस्फेट.